अडतीस पायऱ्यांसाठी बूट

सोमवार, ४ मार्च

बुटाच्या नाडीविषयी आजवर एकाही विचारवंताने गांभीर्याने लिहिलेले नाही, ही आपल्या वाङ्मयातली मोठी उणीव आहे. आज घरापासून नगरपालिकेपर्यंत माझ्या डाव्या बुटाची नाडी तीनदा सुटली. उजवी एकदाही नाही. दोन्ही नाड्या एकाच दुकानातल्या, एकाच पाकिटातल्या. दोन्ही मीच, याच दोन हातांनी बांधतो. तरी एक व्रतस्थ आणि दुसरी भटकी. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा मी नेमका पाणीपुरवठा सभापतींच्या दारात वाकलो होतो. सभापतींना वाटले, मी अखेर शरण आलो. त्यांनी मोठ्या मनाने माझ्या पाठीवर हात ठेवला. वीस वर्षे त्यांच्या नळांविषयी वर्तमानपत्रात लिहिल्याचे असे सार्थक झाले.

संध्याकाळी डॉक्टरांकडे. साखर काठावर आहे म्हणाले. रोज पाऊण तास चाला, आठवड्यातून दोनदा काहीतरी घाम गाळणारे खेळा.

“आणि हे ऑफिसचे बूट घालून नको. व्यायामाचे घ्या.”

“व्यायामाचे म्हणजे कसले?”

“तुम्ही पत्रकार ना? चौकशी करा.”

या वहीत रोज काही तरी लिहायचे, असेही ठरवले आहे. त्यानेही म्हणे रक्तदाब उतरतो. बघू.

बुधवार, ६ मार्च

चौकशी न करता बूट घेतले. रंगावरून. निळे, त्यावर नारिंगी पट्टा, आणि टाच अशी फुगलेली की बूट आधीच थोडा पुढे पळून गेल्यासारखा वाटतो. ‘उपानह’ म्हणतात संस्कृतात पादत्राणाला. माझ्या संस्कृतच्या गुरुजींनी हा जोड पाहिला असता तर त्यांनी नवा शब्द घडवला असता.

घरी आल्यावर खिडकीपाशी खुर्चीत अण्णा. माझे वडील. एकोणऐंशी वर्षांचे; तेहतीस वर्षे शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि अजूनही गल्लीतले अर्धे लोक त्यांना ‘सर’ म्हणतात. नोव्हेंबरात ते जिन्यात पडले. चारच पायऱ्या उरल्या होत्या. उजवे मनगट मोडले, जानेवारीत प्लास्टर निघाले. तेव्हापासून त्यांनी दाराचा उंबरा ओलांडलेला नाही. खुर्ची, पलंग, न्हाणीघर आणि पुन्हा खुर्ची. तेही काठी घेऊन.

त्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, नाकाजवळ नेला.

“हे पळण्याचे बूट आहेत.”

“हो, दुकानदार तसंच म्हणाला.”

“तू कुठे पळणार आहेस? कोण लागलंय तुझ्या मागे?”

मग पेन मागून घेतले आणि बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला तारीख टाकली. ही त्यांची जुनी सवय. शाळेतला प्रत्येक चेंडू, प्रत्येक जाळे, प्रत्येक बूट यांना जन्मतारीख असायची. “बूट बाहेरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो. म्हणून वय ठाऊक हवं,” ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीतून खाली बघू लागले. समोर मैदान आहे. मुले खेळत होती.

शनिवार, ९ मार्च

ताईचा फोन. माझी ही थोरली बहीण दुसऱ्या गावी राहते. तळमजल्यावर घर, पुढे अंगण. ती गोड आवाजात बोलू लागली की समजावे, निर्णय आधीच झाला आहे.

“बाळ, अण्णा जिना उतरले का?”

“अजून नाही गं. उतरतील.”

“तू चार महिने हेच म्हणतोयस. हाडांचे डॉक्टर काय म्हणाले होते? पायांना काही झालेलं नाही. आता चालले नाहीत तर मात्र पाय जातील. तुम्ही त्यांना खिडकीतली कुंडी करून ठेवलंय. मी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी येते. तोवर उतरले तर ठीक, नाही तर मी त्यांना इकडे घेऊन जाते. इथे पायरी नाही एकही.”

ती चुकीचे बोलत नाही, हीच तिची वाईट खोड आहे.

आमचे घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. अडतीस पायऱ्या, चार तुकड्यांत: दहा, नऊ, दहा, नऊ. अण्णांना सांगितले. म्हणाले, “ताईकडे हवा चांगली आहे.” एवढेच. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “हवा इथेही चांगली आहे, खाली जाऊन घेतली तर.” अण्णांनी पेपर वर केला. तो माझाच पेपर होता, पण आत माझे काही नव्हते.

रविवार, १० मार्च

आमच्या पेपरचा छायाचित्रकार मला ‘पंडित’ म्हणतो. तो बॅडमिंटन खेळतो. मला घेऊन गेला. निळे बूट घालून मी पहिला फटका असा मारला की शेजारच्या कोर्टवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. फूल त्यांच्या कोर्टवर पडले होते. दुसऱ्या वेळी डावीकडे झेपावलो. मी गेलो, बूट गेला नाही. घोटा आत वळला. छायाचित्रकाराने आधी फोटो काढला आणि मग हात दिला.

लंगडत घरी. सोफ्यावर बसलो.

“काय झालं?” अण्णा.

“बॅडमिंटन.”

“त्या बुटांत?”

“बुटांचा काय संबंध?”

आणि अण्णा उठले. सरळ माझ्यापाशी आले, घोटा दाबून पाहिला, बूट काढला आणि माझ्या नाकासमोर धरला.

“ही टाच बघ. किती उंच, किती मऊ. सरळ पुढे पळणाऱ्यासाठी आहे. पाय आपटतो, तो धक्का ही पिते. तू गेलास आडवा. आडवं गेलं की ही उशी एका बाजूला दबते आणि घोटा कलंडतो. कोर्टवरचा बूट सपाट हवा, जमिनीला चिकटून, कडा कणखर. एवढं साधं आहे रे! मुलांना सातवीत सांगायचो मी हे!”

मी वाद घालत होतो की दोष कोर्टाचा आहे. बायको मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती. मला वाटले, गॅस संपला. नंतर तिने सांगितले: खिडकीपासून सोफ्यापर्यंत अकरा पावले. काठी खुर्चीलाच टेकलेली.

गुरुवार, १४ मार्च

घरातले सगळे बूट, चपला, सपाता आज जेवणाच्या टेबलावर. खाली वर्तमानपत्र. ओळखपरेडच. अण्णांनी खुर्ची टेबलापाशी ओढून घेतली (स्वतः) आणि एकेक आरोपी हाती घेतला.

“हा वाकवून बघ. कुठे वाकतो? मध्ये. चूक. पाय मध्ये वाकतो का? पाय बोटांपाशी वाकतो, बूटही तिथेच वाकायला हवा. आता हा पिळ. फडक्यासारखा पिळला जातोय. टाक. हा टाचेला मागून दाब. अंगठा आत गेला? टाक.”

“अण्णा, तो माझा लग्नातला बूट आहे.”

“तेव्हाच टाकायला हवा होता.”

मग तळव्यांचे वाचन. माझी डावी टाच बाहेरून झिजते, म्हणजे मी टाच आपटत, डाव्या अंगावर झुकून चालतो. “त्याच खांद्याला ऑफिसची पिशवी असणार.” होती. “आणि म्हणून नाडीही डावीच सुटते. टाच आत सरकते, गाठ ओढली जाते. सगळ्यात वरच्या भोकातून नाडी घे, फास करून घट्ट आवळ. टाच हलणार नाही.”

दहा दिवसांपूर्वी मी ज्याला विश्वाचे गूढ समजून वहीत टिपले, त्याचे उत्तर खिडकीपाशी बसले होते. मी विचारले नव्हते.

बायकोच्या चपला हाती घेऊन ते म्हणाले, “सूनबाई, तू दिवसभर एका पायावर भार देऊन उभी राहतेस. ओट्याची उंची कमी आहे.” ती थक्क. “पंचवीस वर्षं मी ह्यांना हेच सांगतेय!” निष्पाप माणसाला आरोपी करून परेड संपली.

रविवार, १७ मार्च

अण्णांनी चिठ्ठी लिहून दिली. मनगटामुळे अक्षर वाकडे झाले आहे, पण हुकूम सरळ: दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय फुगतात तेव्हा. खेळताना घालतोस तेच मोजे नेणे. दोन्ही पाय मापणे, मोठ्या पायाचा आकडा धरणे. अंगठ्यापुढे अंगठ्याएवढी जागा. दुकानात उड्या मारून बघणे. लाजू नये.

नव्या दुकानात गेलो. तिथली विक्रेतीण साधारण चाळिशीची, गुडघ्यावर बसून माप घेणारी. मी चिठ्ठी हळूच बघत होतो.

“काका, काय वाचताय?”

“सूचना.”

तिने चिठ्ठी मागून घेतली, दोनदा वाचली. “कुणी लिहिलंय?”

“वडिलांनी.”

“त्यांनाच पाठवा ना. तुम्ही कशाला आलात?”

कोर्टवरचा जोड घेतला. पांढरा, सपाट, तळाला मधाच्या रंगाचे रबर. दुकानात उड्या मारल्या. लाजलो. घरी अण्णांनी वाकवला, पिळला, दाबला, तारीख टाकली. “उत्तीर्ण.” बऱ्याच वर्षांनी वडिलांकडून हा शब्द ऐकला. तोही बुटाला.

गुरुवार, २१ मार्च

माझ्या डोक्यात एक योजना आहे. मी चुकलो की अण्णा उठतात. तेव्हा आता मी पद्धतशीर चुकणार. अनेक वर्षे सभापतींची चौकशी केल्यावर माणूस थोडा कावेबाज होतोच.

व्यायामशाळेत नाव घातले. आज वजन उचलायला जाताना मुद्दाम ते फुगीर निळे बूट पिशवीत भरले, अण्णांना दिसतील असे.

“हे कशाला?”

“वजन उचलायला.”

“अरे देवा.” उठलेच. माझ्या पलंगावरची गादी ओढून त्यांनी जमिनीवर घातली, मला दोन्ही हातांत पाण्याच्या भरल्या बादल्या दिल्या आणि गादीवर उभे केले. मी डुललो. सांडलेच पाणी. “आता खाली फरशीवर उभा राहा. बघ. वजन घेताना पायाखाली कठीण हवं, पातळ हवं. मऊ बूट म्हणजे ही गादी. असं...” म्हणत ते स्वतः गादीवर चढले.

एक क्षण हात हवेत. मग त्यांनी कपाट धरले. चेहरा पांढरा पडला. उतरले, हळू खुर्चीपाशी गेले, बसले. मी पुढचे विचारले तर म्हणाले, “चहा गार झाला.”

बायकोने नवा करून दिला. तोही तसाच राहिला. गादी ओली झाली म्हणून ती माझ्यावर रागावली. त्यांच्यावर रागावता येत नाही. व्यायामशाळेसाठी कॅनव्हासचे सपाट साधे बूट घेतले. सगळ्यात स्वस्त. तिसरा जोड.

रविवार, २४ मार्च

आज माझ्या कल्पकतेचा कळस. अण्णांसाठीच बूट आणले!

विक्रेतीण विचारत होती, “आजोबा किती वर्षांचे? चालतात कसे? काठी आहे का?” मी म्हटले, बाई, एवढी चौकशी पोलिसांत होत नाही. मला दुकानातले सर्वांत मऊ बूट द्या. म्हाताऱ्या पायांना आराम हवा. तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडले, पण मी आधीच तो जोड उचलला होता. तळवा चांगला तीन बोटे जाड, घातला तर ढगावर उभे राहिल्यासारखे वाटते. माझ्या तिन्ही जोडांपेक्षा महाग.

अण्णांनी खोके उघडले. “छान आहेत.” वाकवले नाहीत. पिळले नाहीत. टाच दाबली नाही. परत खोक्यात ठेवून खोके पलंगाखाली सरकवले.

गहिवरले असणार. आमच्या घरात गहिवर असाच पलंगाखाली सरकवतात.

रविवार, ३१ मार्च

आठवडा झाला, खोके हललेले नाही. विचारले की “उद्या.” उद्या विचारले की “गुडघा.” परवा मी कोर्टवरचे बूट घालून रस्त्यावर चालायला निघालो, मुद्दाम, त्यांच्या नाकासमोरून. त्यांनी पेपरचे पान उलटले. माझी योजना कुठे बिनसली कळत नाही. पुन्हा काठी आणि खुर्ची. उलट हल्ली भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसतात. वयामुळे थंडी वाजत असेल.

ताईचा फोन आला होता. तिने खोली रंगवून घेतली आहे. फिकट पिवळी. “अण्णांना आवडते ना पिवळी?” मला माहीत नव्हते. तिला माहीत आहे.

मी रोज चालतो. साखर उतरली असावी. तोंडही उतरले आहे, असे बायको म्हणते.

रविवार, ७ एप्रिल

मी वार्ताहर आहे. माझे काम दिसते ते पाहणे आणि पाहिले ते लिहिणे. आज या धंद्यातून निवृत्त व्हावे असे वाटले.

दुपारी अण्णा झोपले होते. पलंगाखाली माझी वही गेली म्हणून वाकलो, तर खोके हाताला लागले. उघडले. बुटांच्या खाचांत धूळ. उजव्या बुटाचे टोक खरवडलेले. बाजूला पांढरा चुना, आमच्या जिन्याच्या भिंतीचा. आणि जिभेच्या आत, वाकड्या अक्षरात: २५ मार्च.

मी आणले त्याच्या दुसऱ्या दिवशी.

बराच वेळ जमिनीवरच बसलो होतो. वर पाहिले तर अण्णा जागे. माझ्याकडेच बघत होते.

“बाही वर करा,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हुकूम केला. त्यांनी केली वर. कोपरापासून खाली जुना झालेला, हिरवा-पिवळा डाग.

“दुपारी. सूनबाई बँकेत गेली होती. म्हटलं, संध्याकाळी तू येशील तेव्हा खाली फाटकात उभा असेन.” ते छताकडे बघत बोलत होते. “नऊ पायऱ्या नीट गेलो. दहावी कुठे संपते ते कळलं नाही रे. पायाला जमीनच लागत नव्हती. भिंतीला घासत बसलो. बसलो म्हणून वाचलो. मग बसूनच वर आलो, एकेक पायरी. लहान मुलासारखा.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“काय सांगायचं?”

“हेच! की बूट चुकीचे आहेत! माझ्या बुटांना तर तुम्ही टेबलावर घेऊन नापास करता!”

“तुझे तू घेतलेस. हे माझ्यासाठी आणलेस.” त्यांनी बाही खाली ओढली. “आणि खरं सांगू? मला वाटलं, बूट नसतील चुकीचे. मीच असेन.”

गादीवर उभे राहिले तेव्हाच त्यांच्या पायांनी सांगितले होते. मी त्या दिवसाची नोंद आत्ता मागे जाऊन वाचली. गार चहाविषयी लिहिले आहे.

सोमवार, ८ एप्रिल

ऑफिसला दांडी. संध्याकाळी दुकान.

विक्रेतीण मला बघून म्हणाली, “परत करायचे आहेत ना? मला वाटलंच होतं. तुम्ही ऐकून घेतलं असतं तर सांगितलं असतं. मऊ बूट पळणाऱ्याला. ज्याचा तोल जरा जातो त्याला पातळ तळवा लागतो, म्हणजे पायरीची कड पायाला समजते. टाच बुटकी, मागून पक्की. पुढे रुंद. आणि रबर फार चिकट पण नको, पाय उचलताना अडकतं.”

“तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुम्ही पोलिसांचं काहीतरी म्हणालात.”

वापरलेले बूट ती परत घेणार नव्हती आणि मी मागणारही नव्हतो. ती म्हणाली, आजोबांच्या पायांचे माप कागदावर काढून आणा, उभे राहून, संध्याकाळचे. घरी येऊन माझाच पेपर जमिनीवर पसरला. अण्णा उभे राहिले, मी गुडघ्यावर बसून पेन्सिल फिरवली. पान दोन, पाणीपुरवठ्याचा माझा लेख. माझ्या लेखनावर इतका भक्कम पाय आजवर कुणी रोवला नव्हता. उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धे बोट लांब आहे. मला हेही ठाऊक नव्हते.

बुधवार, १० एप्रिल

विक्रेतीण भली बाई. तिने तीन जोड विश्वासाने घरी दिले. “फक्त फरशीवर घाला हं काका, रस्त्यावर नको. आणि त्यांनाच निवडू द्या.”

टेबलावर वर्तमानपत्र. परेड. पहिला मध्ये वाकला: नापास. दुसऱ्याची टाच अंगठ्याने दबली: नापास, शिवाय “हा रंग कुणाच्या डोक्यातून आला?” तिसरा काळा, पातळ, बोटांपाशी वाकणारा. त्यांनी तो मागून दाबला, पिळला, पुन्हा पिळला. नाडीऐवजी त्याला चिकटपट्टी. मला वाटले, यावर भडकतील. पण त्यांनी उजव्या हाताने पट्टी ओढली, लावली, पुन्हा ओढली. “बरं आहे. मनगट आता गाठ आवळत नाही.” पाच महिने ते नाडीचे बूट का घालत नव्हते, त्याचे हेही एक कारण. त्यांनी सांगितले नव्हते. मी नाडीवर निबंध लिहीत होतो.

फरशीवर चालले. खिडकी ते दार, दार ते खिडकी. काठी हातात, पण हवेतच.

“जमीन कळते,” म्हणाले. आणि पेन मागितले.

मग माझ्याकडे बघून, “आणि वजन उचलायला निळे बूट तू मुद्दाम काढलेस ना त्या दिवशी?”

“तुम्हाला कळलं?”

“तेहतीस वर्षं पोरं पोट दुखतंय सांगून माझा तास चुकवायची. तुझ्यापेक्षा बरा अभिनय होता त्यांचा.”

शनिवार, १३ एप्रिल

पहिल्या वळणापर्यंत. दहा पायऱ्या खाली, दहा वर. मी पुढे, दोन पायऱ्या खाली, त्यांच्याकडे तोंड करून उलटा उतरत. हे करताना मीच दोनदा पडता पडता वाचलो. दहाव्या पायरीपाशी ते थांबले. पायाने कड चाचपली. भिंतीवर अजून घासल्याची खूण आहे. तिच्याकडे एकदा बघितले आणि पाऊल ठेवले.

वळणावर पोचल्यावर खिशातून शिट्टी काढून वाजवली. शाळेतली पितळी शिट्टी! ती कुठून आली ठाऊक नाही. खालच्या मजल्यावरचे दार उघडले. “सर? काय झालं?” “काही नाही. मध्यंतर.”

शुक्रवार, १९ एप्रिल

एकोणतीस पायऱ्या. शेवटचा तुकडा उरला, नऊ पायऱ्यांचा. तिथेच ते नोव्हेंबरात पडले होते. आज तिथवर गेले आणि म्हणाले, “पुरे.” मी आग्रह केला नाही. मला सांगायचे होते की ताई नऊ दिवसांनी येते आहे. बायकोने माझा शर्ट मागून ओढला.

वर येताना त्यांनी माझ्या चालीवर टीका केली. जिना चढताना मी टाच आपटतो. म्हणजे प्रकृती उत्तम.

रविवार, २८ एप्रिल

ताई आली. रिक्षातून उतरून थेट वर. मी घरात नव्हतो, म्हणून पुढचे बायकोने सांगितले तसे लिहितो.

ताईने खुर्ची रिकामी पाहिली. पलंग रिकामा पाहिला. न्हाणीघराचे दार वाजवले. मग आवाज चढला, “अण्णा कुठायत? दवाखान्यात नेलंत का? मला फोन नाही केलात?” बायको म्हणाली, “ताई, खिडकीतून बघा.”

खाली मैदानात मी चालण्याची चौथी फेरी मारत होतो. अण्णा कडेच्या बाकापाशी उभे. बसलेले नव्हे, उभे. काठी काखेत, तोंडात शिट्टी. ती नऊ पायऱ्यांची वाट त्यांनी गुरुवारी सर केली होती; कुणाला न सांगता, पण या वेळी मला बरोबर घेऊन. शेवटची पायरी उतरल्यावर माझा हात त्यांनी सोडला नाही, फाटकापर्यंत. मीही सोडला नाही. लिहायचे नव्हते, लिहून गेलो.

ताई मैदानात आली ती धापा टाकत.

“अण्णा! हे काय चाललंय?”

“याला शिकवतोय. बावन्न वर्षांचा झाला, अजून टाच आपटतो. अरे, उचल पाय!” शिट्टी.

ताई खाली बसली, मातीतच. त्यांच्या बुटांवर हात फिरवला. पट्टी उघडून जीभ बाहेर काढली, तारीख वाचली. ही मुलगी खेळशिक्षकाचीच. तिला कुठे बघायचे ते माहीत होते. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “मलाही चिठ्ठी लिहून द्या. माझ्या टाचा दुखतात.”

“तुझे बूट दाखव आधी,” अण्णा म्हणाले. तिने दाखवले. “टाक.”

पिवळी खोली तशीच राहू दे, ती म्हणाली, उन्हाळ्यात आठ दिवस यायचेच. अण्णांनी मान डोलावली. “पिवळा चांगला रंग आहे.” मग वर येताना त्यांनी अडतीस पायऱ्यांत दोनदा विश्रांती घेतली आणि दोन्ही वेळा माझ्या नाडीकडे बघण्याचे निमित्त केले.

मंगळवार, ३० एप्रिल

साखर उतरली. डॉक्टर म्हणाले, चौकशी केलीत वाटतं. चालण्याचे, कोर्टवरचे, व्यायामशाळेचे असे तीन जोड आता दाराशी ओळीने, आणि चौथा काळा, चिकटपट्टीचा, त्यांच्या शेजारी. निळा मी आता रस्त्यावर चालायलाच घालतो. पळायला घालत नाही, माझ्या मागे कोणी लागलेले नाही. तीन बोटे जाडीचा तो ढग छायाचित्रकाराला दिला. तो पळतो.

डाव्या बुटाची नाडी महिनाभर सुटलेली नाही. वरच्या भोकातून घेतो, फास करतो, आवळतो. आज नगरपालिकेत सभापती स्वतः माझ्या दिशेने वाकले. त्यांची सुटली होती. मी त्यांना युक्ती सांगितली. बातमी म्हणून ती त्यांच्या नळांपेक्षा उपयुक्त होती.

सकाळी आम्ही दोघे मैदानात जातो. मी पुढे, ते मागे. त्यांच्या पातळ तळव्यांचा आवाज मला मागून ऐकू येतो. मध्येच तो थांबतो. बहुतेक वेळा ते एखाद्या मुलाला काहीतरी सांगत असतात. पण तो आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत मी श्वास घेत नाही आणि वळूनही बघत नाही, कारण वळलेले त्यांना आवडत नाही.

ते पुन्हा पडतील, आणि त्या वेळी मी ऑफिसात असेन. मला याची भीती वाटते.